ज्यांचा जन्मदाखला मिळतो असे इंग्रजी शब्द

पिंपळपार

आवडत्या इंग्रजी शब्दांचा विषय निघाला की गाडी हमखास लांबलचक शब्दांवर जाते. फुफ्फुसाच्या रोगाचं ते पंचेचाळीस अक्षरी नाव शाळेत पाठ करून एकमेकांना म्हणून दाखवणारे इथे बरेच असतील. मला त्यात रस नाही, कारण तो शब्द लांब व्हावा एवढ्याचसाठी बनवलेला आहे. मला ओढ आहे ती जन्मदाखला असलेल्या शब्दांची. हा शब्द कोणी घडवला, कुठे, कोणत्या साली आणि कशापायी, हे ज्यांच्याबद्दल सांगता येतं असे शब्द. बहुतेक शब्दांचं हे कळायला मार्गच नसतो, म्हणून ज्यांचं कळतं ते मला फार मोलाचे वाटतात.

माझा सगळ्यात लाडका शब्द सेरेंडिपिटी. शोधत होतो एक आणि हाती लागलं भलतंच, पण चांगलं, असा त्याचा अर्थ. मात्र नुसतं नशीब पुरत नाही. जे हाती लागलं ते ओळखायची नजरही लागते, आणि हा भाग आपण वापरताना विसरतो. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्समधल्या होरेस मान या मित्राला पत्र लिहिलं, त्यात हा शब्द पहिल्यांदा येतो. सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून आपण तो केला, असं त्याने तिथेच सांगितलं आहे. राजपुत्र प्रवासात असताना बघतात की रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लं गेलंय, तेही कमी दर्जाचं. दुसरीकडचं चांगलं गवत तसंच उभं आहे. त्यावरून ते ओळखतात की पुढे गेलेलं जनावर एका डोळ्याने आंधळं आहे. मूळ गोष्टीत तो उंट आहे, वॉलपोलने पत्रात खेचर केलंय. आणि सेरेंदिप म्हणजे श्रीलंका. अरबी-फारसीतलं सरंदीब, त्याच्या मागे आपलं सिंहलद्वीप.

दुसरा, डीफेनेस्ट्रेशन. अर्थ एवढाच की माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. एवढ्या नेमक्या कृतीला स्वतंत्र शब्द लागला तो प्रागमुळे. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी प्रागच्या किल्ल्यात घुसून बादशहाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली टाकलं. जवळजवळ सत्तर फुटांवरून पडूनही तिघेही जगले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. त्या चिटणिसाला, फॅब्रिसियसला, पुढे सरदारकी मिळाली आणि तिच्यासोबत जो किताब मिळाला त्याचा अर्थ 'उंच पडझडीचा' असाच होतो. या घटनेतून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं.

तुमच्याकडचे असे शब्द द्या. जमेल तिथे साल-ठिकाण द्या.

खारीचा_वाटा

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

डीफेनेस्ट्रेशनमधलं 'फेनेस्त्रा' म्हणजे लॅटिनमधली खिडकी. पण रोजच्या वापरातल्या 'विंडो'ची कुळकथाही सुंदर आहे. तो जुन्या नॉर्स भाषेतल्या 'विंदाउगा'वरून आला, म्हणजे वाऱ्याचा डोळा. काचा नव्हत्या तेव्हा भिंतीत किंवा छपरात ठेवलेलं भोक. आणि आपलं गवाक्ष म्हणजे गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. अजिंठ्याच्या एकोणीस नंबरच्या लेण्याच्या दर्शनी भागावर ती मोठी नालाच्या आकाराची कमान आहे ना, तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. दोन्हीकडच्या लोकांना भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला, याचं मला फार अप्रूप वाटतं. जन्मदाखला नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

गंगापूररोड

नाशिकचा आहे, त्यामुळे हा शब्द मीच द्यायला हवा: डूलॅली. इंग्लंडात एखादा भ्रमिष्टासारखा वागायला लागला की आजही म्हणतात, तो डूलॅली झालाय. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली.

देवळालीत इंग्रजांनी १८६१ साली लष्करी छावणी वसवली. भारतात नेमणुकीवर येणारे आणि मुदत संपवून घरी निघालेले गोरे शिपाई इथे थांबत. मुंबई बंदर रेल्वेने जवळ आणि हवा मुंबईपेक्षा कितीतरी बरी. अडचण अशी की शिपायांना नेणारी जहाजं थंडीच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहावं लागे. नोकरी संपलेली, त्यामुळे काम नाही. हत्यारं जमा केलेली. घरी जायचं ठरलेलं, पण कधी ते माहीत नाही. त्यात ऊन, दारू, हिवताप. माणसं खरोखर बिघडायची. त्याला शिपायांच्या बोलीत नाव पडलं 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे ताप. देवळालीचा ताप! पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसतं डूलॅली राहिलं.

आम्ही लहानपणापासून 'कॅम्पात जाऊन येतो' असंच म्हणतो. देवळाली कॅम्पातले जुने बंगले अजून आहेत, जाड भिंतींचे, उतरत्या कौलांचे, खोल व्हरांड्याचे. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्रही तिथेच आहे. त्या व्हरांड्यांत बसून जहाजाची वाट बघणाऱ्या, विशी-बाविशीतल्या पोरांचा विचार मनात येतो. त्यांच्यासाठी वाईट वाटतं, राज्यकर्ते असले तरी.

सह्याद्री_पाऊलवाट

पण देवळाली तर हवा पालटायला जायची जागा! मुंबईच्या लोकांची किती आरोग्यधामं आहेत तिथे. तिचं नाव वेडाला पडावं हे पटत नाही.

गंगापूररोड

@सह्याद्री_पाऊलवाट, हवेचा दोष नव्हताच. दोष होता तो ताटकळत ठेवण्याचा. हीच पोरं महाबळेश्वरला ठेवली असती तर महाबळेश्वरचं नाव पडलं असतं.

शिरीष_अमेरिकन

याच शिपायांचा आणखी एक शब्द: ब्लायटी. म्हणजे मायदेश, इंग्लंड. मूळ आपलं विलायती. हिंदुस्थानातल्या पलटणींनी तो उचलला आणि पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या खंदकांत सगळ्यांच्या तोंडी गेला. 'ब्लायटी जखम' म्हणजे जीव जाणार नाही, पण घरी पाठवतील इतपत जखम. मुळात परक्याचा देश असं सांगणारा शब्द, तो त्या माणसांनी स्वतःच्या घरासाठी वापरला.

मोगरा_फुलला

'पॉश' शब्दाबद्दल कुणी सांगेल का? आमच्या सरांनी सांगितलं होतं की इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूच्या खोल्या सावलीत असायच्या आणि परत जाताना उजव्या बाजूच्या. श्रीमंत लोक तशी तिकिटं काढायचे, त्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी, येताना उजवी) या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पॉश झाला. खरं आहे का हे?

खलाशी_नाखवा

@मोगरा_फुलला, गोष्ट ऐकायला झकास आहे, पण पुरावा नाही. पूर्वेकडे जाताना डावी बाजू उत्तरेला येते, त्यामुळे तिकडे ऊन कमी, इथपर्यंत ठीक. परंतु ती चार अक्षरं छापलेलं किंवा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ज्या जहाज कंपनीचं नाव घेतात तिच्या दप्तरातही तशी नोंद मिळालेली नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द करायची ही खोड मुख्यतः विसाव्या शतकातली. एकोणिसाव्या शतकात 'पॉश' हा बोलीतला शब्द छानछोकी माणसासाठी वापरात होता, आणि आजच्या शब्दाचं नातं कोशकार तिकडे बघतात. जन्मदाखल्यांचा धागा आहे, तेव्हा खोटे दाखले बाजूला काढणंही आलंच.

काळाकोट

वकिली पेशातली आहे, म्हणून 'पॅराफर्नेलिया'. आज आपण तो सटरफटर सामान, लवाजमा या अर्थाने वापरतो. क्रिकेटचा पॅराफर्नेलिया, लग्नाचा पॅराफर्नेलिया. मूळ ग्रीक: 'पॅरा' म्हणजे शिवाय किंवा पलीकडचं, 'फेर्ने' म्हणजे हुंडा. हुंड्याव्यतिरिक्त जे बायकोचं स्वतःचं, ते. म्हणजे थेट आपलं स्त्रीधन!

इंग्रजी कायद्यात याला फार महत्त्व होतं. लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. तिच्याकडे तिचं म्हणून उरायचं ते तिचे कपडे आणि अंगावरचे दागिने, तेच हे पॅराफर्नेलिया. त्यातही गंमत बघा, दागिने नवरा हयातीत विकू शकायचा, मात्र मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकत नव्हता. १८७० आणि १८८२ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे झाले तेव्हा कुठे तिथल्या बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता धरता आली. मग या शब्दाचं कायद्यातलं काम संपलं आणि तो सटरफटर सामानावर येऊन ठेपला. ज्या वस्तूंसाठी बायका कोर्टात भांडल्या त्यांचं नाव शेवटी 'किरकोळ चीजवस्तू' या अर्थाला उरलं, याचा मला राग येतो. स्त्रीधनाच्या केसेस आजही चालवते, बांगड्या आणि मंगळसूत्र कुणाकडे राहिलं यावर तासन् तास उलटतपासणी होते. तिथे काहीही किरकोळ नसतं.

पिंपळपार

काळाकोटताई, हा प्रतिसाद धाग्याहून मोठा झाला. अगदी मनापासून आभार.

निळीशाई

+१. ताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

अणुरेणू

पेट्रिकोर अजून कसा आला नाही? पहिल्या पावसाच्या वासाचं नाव, आणि जन्मदाखला अगदी चोख. १९६४, 'नेचर' हे नियतकालिक, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस हे ऑस्ट्रेलियातले दोन रसायनशास्त्रज्ञ. ग्रीकमधलं 'पेत्रा' म्हणजे खडक आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या धमन्यांतून रक्ताऐवजी वाहणारा द्रव. खडकाचं दैवी रक्त!

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोरड्या दिवसांत झाडझाडोऱ्यातून निघणारी तेलं माती आणि खडक शोषून घेतात. हवेतला दमटपणा वाढला, पाऊस पडला की ती बाहेर पडतात. शिवाय मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, तो ओल्या मातीचा खास वास. आपलं नाक या जिओस्मिनच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे, लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी आपल्याला कळतं.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की हा वास शास्त्रज्ञांच्या आधी आपल्या अत्तरवाल्यांनी पकडला होता. बेअर आणि थॉमस यांनी लेखात उत्तर प्रदेशातल्या 'मिट्टी का अत्तर'चा उल्लेख केला आहे. कनौजला ते अजून जुन्या पद्धतीने करतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळायला ठेवायचे, झाकण मातीने लिंपून बंद करायचं, आणि वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची. त्या भांड्यात चंदनाचं तेल असतं. वाफेबरोबर आलेला वास ते तेल धरून ठेवतं. एकदा मनगटावर लावून बघा, जून महिन्यातलं अंगण उभं राहतं.

कोकणकडा

आपल्याकडे मृद्गंध आहेच की. पेट्रिकोर कशाला हवा?

अणुरेणू

@कोकणकडा, मृद्गंध सुरेखच आहे, मी तोच वापरतो. पण तो शब्द मातीचा वास एवढंच सांगतो. पेट्रिकोर घडवणाऱ्यांना खडकातून, मातीतून निघणाऱ्या त्या तेलाला नाव हवं होतं. दोघांचं काम वेगळं आहे, दोघेही राहू देत.

बांधावरून

बॉयकॉट. हा माणूस होता, हे पुष्कळांना माहीत असतं, पण पूर्ण हकिकत वाचण्यासारखी आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी होता. १८८० साली पीक बुडालेलं, कुळं खंडात सूट मागत होती, आणि हा त्यांना जमिनीवरून हुसकायच्या नोटिसा काढत होता. कुळांच्या संघटनेने ठरवलं, याला हात लावायचा नाही, याच्याशी कसलाच व्यवहार ठेवायचा नाही. शेतातले गडी गेले, घरातले नोकर गेले, दुकानदार माल देईनात, पत्रं पोचेनात. पीक काढायला शेवटी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास स्वयंसेवक आणले आणि त्यांच्या रक्षणाला जवळपास हजार शिपाई-पोलीस. बटाट्यांच्या किमतीच्या कैक पट खर्च बंदोबस्तावर झाला. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या प्रकाराला काय म्हणायचं, हा प्रश्न तिथल्या एका पाद्र्याला आणि रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराला पडला. विद्वानांचा ग्रीक शब्द कुळांना कळणार नाही, तेव्हा 'बॉयकॉट करणं' म्हणू या, असं पाद्री म्हणाला, हे रेडपाथनेच लिहून ठेवलंय. वर्ष संपायच्या आत वर्तमानपत्रं तो क्रियापद म्हणून छापत होती. पंचवीस वर्षांनी, १९०५ मध्ये, वंगभंगाच्या वेळी तो आपल्याकडे पोचला. पुण्यात विलायती कापडाची होळी झाली ती त्याच वर्षी, आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आहे तो हाच.

मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आयर्लंडात दुबळ्यांनी बळवंताविरुद्ध हे हत्यार उचललं. आपल्या गावांत वाळीत टाकणं शतकानुशतकं उलट दिशेने चाललं. जातपंचायतीने एखादं कुटुंब वाळीत टाकलं की विहीर बंद, किराणा बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच्या नावातही सामाजिक बहिष्कार हे शब्द आहेत. इंग्रजीत एकच बॉयकॉट दोन्हीकडे चालतो. मला ते खटकतं.

शिरीष_अमेरिकन

@बांधावरून, पटलं.

इकडे न्यू जर्सीत भारतीय घरांत स्पेलिंगच्या स्पर्धांचं मोठं वेड आहे. १९८५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा एका भारतीय वंशाच्या मुलाने जिंकली, तेव्हापासून ते वाढतच गेलं. २०१९ ला तर आठ मुलं एकत्र विजेती ठरली, आयोजकांकडचे कठीण शब्द संपत आले होते. लोकांना वाटतं ही नुसती घोकंपट्टी. पण स्पर्धकाला शब्दाचं मूळ कोणत्या भाषेतलं हे विचारायची मुभा असते आणि चांगली मुलं ते विचारतातच. मूळ ग्रीक म्हटलं की अमुक आवाजाला अमुक अक्षरं, फ्रेंच म्हटलं की शेवटचं अक्षर मुकं असण्याची शक्यता. माझी मुलगी अशी शिकली. जर्मन, तुर्की, हवाईयन शब्दांची घडण तिला कळते. मराठीतून इंग्रजीत गेलेला शब्द तिला पहिल्यांदा भेटला तो 'मंगूस', आणि त्या दिवशी ती आजीला फोन लावून बसली होती.

अनुष्टुभ

संस्कृत शिकवते. माझा शब्द हॉरिपिलेशन, म्हणजे अंगावर काटा येणं, रोमांच. लॅटिनमधलं 'होरेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणं, आणि 'पिलुस' म्हणजे केस. याच 'होरेरे'पासून हॉरर.

आता आपल्याकडे बघा. संस्कृतात हृष् धातू आहे, त्याचाही जुना अर्थ ताठ होणं, उभं राहणं. त्यापासून हर्ष. भाषाशास्त्रज्ञ हा 'होरेरे' आणि आपला हृष् एकाच मूळ धातूचे मानतात. म्हणजे हॉरर आणि हर्ष ही सख्खी भावंडं! तिकडे केस उभे राहिले ते भयाने, इकडे आनंदाने.

आणि इकडेही आधी दोन्हींनी राहत होते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. शरीराला कंप सुटलाय, अंगावर काटा आलाय, गांडीव हातातून गळतंय. तिथे आनंदाचा लवलेश नाही. समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे आहेत. वर्गात मुलं इथे नेहमी अडतात, हर्ष कसा काय, असं विचारतात. मग मी हे लॅटिन भावंड फळ्यावर लिहिते. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पिंपळपार

अनुष्टुभ, हे वाचताना खरंच अंगावर काटा आला. हर्षाचा.

खिळाजुळारी

छापखान्यात मुद्रितशोधन करतो. माझा आवडता शब्द असा की जो शब्दच नव्हता: डॉर्ड. १९३४ साली निघालेल्या वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो छापला गेला. अर्थ दिलाय घनता, विषय भौतिक आणि रसायनशास्त्र.

झालं असं की ३१ जुलै १९३१ रोजी रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली. घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी हे संक्षेप वापरतात, एवढंच त्यात होतं: 'डी ऑर डी'. ती जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात, गेली शब्दांच्या गठ्ठ्यात. मथळ्याचे शब्द टंकताना अक्षरांमध्ये जागा सोडायची पद्धत होती, त्यामुळे पुढच्या हाताने ती चार अक्षरं जोडून एक शब्द वाचला. मग त्याला उच्चार दिला गेला, नाम म्हणून शिक्का बसला आणि तो छापून मोकळा झाला. फेब्रुवारी १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही, तेव्हा शोध सुरू झाला.

आमच्या कामात ही धास्ती कायम असते. चूक अक्षराची असेल तर डोळ्याला टोचते. पण जी चूक नीट सजून येते, उच्चारासकट, व्याकरणासकट, ती नजरेखालून सहज निघून जाते. तो संपादक मला थोर वाटतो, कारण जे तिथे नव्हतं ते त्याला दिसलं.

खारीचा_वाटा

मंगूस वर आलाच आहे, तर पुढचं लिहिते. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुंगसावरून गेला. त्यामुळे अनेकवचन 'मंगूसेस'. बदकासारख्या त्या 'गूज'शी त्याचा संबंध नाही, म्हणून 'मंगीस' होत नाही. घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात तो तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून, डुकरासारखा उंदीर. पुढे ऑस्ट्रेलियात गोरे गेले, तिथल्या पिशवीवाल्या एका लहान प्राण्याला त्यांनी हेच नाव दिलं.

चिराबाजार

आमच्या मुंबईचा एक राहिला, डंगरी. जाड सुती कापडाची, खांद्यावर पट्टे असलेली ती विजार. मुळात डंगरी हे कापडाचं नाव, जाडंभरडं, स्वस्त, खलाशांच्या आणि मजुरांच्या कपड्यांचं, शिडांनाही वापरायचे. हे नाव मुंबईतल्या डोंगरीशी जोडलं जातं. आज जे कपडे मॉलमध्ये लहान मुलांसाठी हौसेने घेतात त्यांच्या नावात आमची डोंगरी आहे.

या कापडाबद्दल जुन्या कापडबाजारातल्या कुणाच्या घरी काही माहिती असेल, मूळजी जेठा मार्केटमध्ये कुणाचे आजोबा-पणजोबा असतील, तर कृपया इथे लिहा. विणायचे कुठे, बंदरावर कोण आणायचं, हे मला फार दिवस जाणून घ्यायचंय.

बांधावरून

चिराबाजारदादा, माझ्या मावशीचे सासरे त्या मार्केटात दिवाणजी होते. त्यांच्या मुलाला विचारून रविवारपर्यंत लिहितो.